मदत हवी आहे: मायक्रोस्कोपची १००एक्सची लेन्स धुरकट झाली आहे

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी छोटी लॅब आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून मलेरियाच्या स्लाइड्स रोज येतात, आणि नेमकी आत्ताच ऑइल इमर्शन लेन्स (स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून वापरायची १००एक्सची) रुसली आहे. ४०एक्सवर चित्र ठीक दिसतं. १००एक्सवर तेलाचा थेंब टाकला की सगळं दुधाळ. रिंग फॉर्म (मलेरियाच्या जंतूचं अंगठीसारखं रूप) आहे की स्टेनचा, म्हणजे रंगाचा कण, हेच कळेना. निगेटिव्ह रिपोर्टवर सही करताना हात थबकतो.

आयपीस (डोळा लावतो ते भिंग) काढून उलटा धरला आणि भिंगासारखा वापरून लेन्सचं टोक पाहिलं. काचेच्या कडेला पिवळसर, चिकट कडं दिसलं. आधीचा मुलगा सीडरवुड ऑइल वापरायचा आणि संध्याकाळी न पुसताच कव्हर घालून घरी जायचा. ते वाळून राळेसारखं घट्ट बसलंय. (मी सिंथेटिक तेल वापरतो, दिवसाअखेर लेन्स पेपरने टिपतो. घासत नाही.)

आता प्रश्न. लेन्स पेपरला झायलीनचा (तेल विरघळवणारं द्रावक) जेमतेम एक थेंब लावून पुसावं का? जास्त झालं तर लेन्सची काच ज्याने चिकटवलेली असते तो सिमेंट (गोंद) सुटतो, म्हणून धीर होत नाही. पेट्रोलियम ईथरने कोणी केलंय का? स्पिरिटने हे कडं हललंही नाही.

आणि तेल आत शिरलंय की बाहेरच आहे, हे लेन्स न उघडता कसं ओळखायचं? नवीन घ्यायची तर खर्च मोठा आहे. अनुभवी लोकांनी कृपया सांगा, स्लाइड्स थांबल्यात.