एमएस्सीला मरीन की एन्व्हायर्न्मेंट? डिचोलीहून प्रश्न

शेवंती_डिचोली:
बीएस्सी केमिस्ट्रीचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. तीन ठिकाणं मनात आहेत: गोवा विद्यापीठाचं मरीन सायन्स, पुणे विद्यापीठाचं एन्व्हायर्न्मेंटल सायन्स आणि पाँडिचेरीचं इकॉलॉजी अँड एन्व्हायर्न्मेंटल सायन्स. आठवडाभर तिघांचे अभ्यासक्रम वाचतेय आणि आता सगळे सारखेच दिसायला लागलेत.

थोडं घरचं सांगते, त्याशिवाय प्रश्न कळायचा नाही. आमचं शेत खाणीच्या खालच्या अंगाला. पावसात तांबडा गाळ उतरायचा आणि आजी तो फावड्याने ओढत बसायची. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा मी तिसरीत होते. बाबांचा खनिजाचा ट्रक अंगणात उभा राहिला, बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. त्यामुळे आमच्याकडे 'पर्यावरण' हा शब्द जेवताना काढत नाहीत. मला मात्र त्या गाळात नक्की काय होतं ते मोजायचंय.

बाबांचं म्हणणं, कदंबाच्या (गोव्याची सरकारी) बसने जाऊन-येऊन होईल ते बघ. मरीन घेतलं तर माझा गाळ राहून जाईल का?

सड्यावरचा:
शेवंती, मरीन म्हणजे नुसते मासे आणि प्रवाळ नव्हेत. डिचोलीची नदी मांडवीला मिळते. तुझ्या शेतातून वाहून गेलेलं लोह, मँगनीज शेवटी मांडवीच्या मुखाकडेच जातं. मी मरीनच केलं, आणि अख्खं प्रबंधाचं सेमिस्टर खाडीचा चिखल चाळण्यात गेलं.

एक गोष्ट मला कोणी वेळेवर सांगितली नव्हती. संशोधनाची फेलोशिप आणि प्राध्यापकी यांसाठी ज्या नेट परीक्षा असतात, त्यांतल्या सीएसआयआर-नेटच्या पाच विषयांत पर्यावरणशास्त्र नाही, ते यूजीसी-नेटमध्ये आहे. मरीनवाले सहसा 'अर्थ, अ‍ॅटमॉस्फेरिक, ओशन'चा पेपर देतात. तू केमिस्ट्रीची, म्हणजे केमिकल सायन्सेसही उघडंच. गेटला २०२१ पासून पर्यावरणाचा वेगळा पेपर आलाय. संशोधनात जायचं असेल तर कोणता पेपर झेपेल ते आधी ठरव आणि मग अभ्यासक्रम उघड.

शिवाय दोनापावलाला एनआयओ (समुद्रविज्ञान संस्था), इथे वास्कोच्या सड्यावर एनसीपीओआर (ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र). बाहेरची मुलं यासाठी गोव्यात खोल्या शोधतात गो, तू घरचा डबा घेऊन येशील.

फोंडेकर_काका:
मी पर्यावरण आघात अहवाल करणाऱ्या सल्लागारांकडे काम करतो, म्हणून नोकरीच्या बाजूने लिहितो. २००६ च्या अधिसूचनेनंतर हे अहवाल लागणारे प्रकल्प ठरलेले आहेत, आणि अहवालात हवा, पाणी, भूजल, जैवविविधता असा एकेका विषयाचा तज्ज्ञ सही करतो. 'पर्यावरणाचं सगळं थोडं थोडं येतं' अशा माणसाला सहीची जागा नसते. तुझा पाया केमिस्ट्रीचा आहे, तो सोडू नकोस.

आता माझी चूक. मी एका खासगी संस्थेत शिकलो, नाव घेत नाही. माहितीपुस्तकाच्या मुखपृष्ठावर जीसी-एमएसचा, म्हणजे नमुन्यातली रसायनं ओळखणाऱ्या यंत्राचा, झकास फोटो होता. दोन वर्षांत ते यंत्र मी काचेबाहेरूनच पाहिलं, देवळातल्या मूर्तीसारखं. म्हणून बाय, शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठ आणि एवढंच विचार: नमुने स्वतः आणलेस का, यंत्रावर स्वतः चालवलेस का. उत्तराआधी ती किती वेळ गप्प राहतात तेही बघ.

पुण्यात_अडकलेली_म्हापशेकर:
बीएस्सी बॉटनी करून इथे पर्यावरण घेतलं. मला केमिस्ट्रीने रडवलं, तुला इकॉलॉजी नवी वाटेल पण जमेल. पुण्याचा फायदा असा की वर्गात चार दिशांची मुलं असतात. माझी एक मैत्रीण मराठवाड्याची आहे, तिच्यासाठी पाण्याचा प्रश्न म्हणजे टँकर, माझ्यासाठी पूर. खर्च मात्र धर: खोली, मेस, चवथीला येण्याजाण्याचं भाडं. आणि मेसमध्ये नुस्तं (मासे) मिळत नाही, हे अभ्यासक्रमात लिहिलेलं नसतं.

तिन्हीकडच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या आहेत, तारखा एकमेकींवर येतात का बघ. पाँडिचेरीला सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची परीक्षा लागते, गोव्याला विद्यापीठाची स्वतःची जीयू-आर्ट.

शेवंती_डिचोली:
सगळ्यांना थँक्यू. शनिवारी ताळगावला गोवा विद्यापीठात जाऊन मरीनच्या दोन मुलींना भेटले. काकांचा प्रश्न विचारला. एक लगेच म्हणाली, "चिखल काढताना माझी चप्पल अजून तिथेच आहे." जीयू-आर्टचा फॉर्म भरतेय. पाँडिचेरीचाही भरते, बाबांना नंतर सांगेन.

रात्री बाबांना सेडिमेंट म्हणजे काय, म्हणजे आपला गाळच, ते सांगितलं. जेवताना! ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "वरच्या कुणग्यातला (शेताच्या तुकड्यातला) ने, तिथे सगळ्यात जास्त साठायचा." सड्यावरचा दादा, तो काढू कशाने? आजीचं फावडं चालेल?

सड्यावरचा:
लोखंडाचं फावडं? लोह मोजायला? प्लास्टिकचा चमचा घे आणि नव्या पॉलिथीनच्या पिशवीत भर. पिशवीवर तारीख आणि कुणग्याचं नाव लिही.