शिवराईचे फोटो काढायला घरगुती लाइटबॉक्स कसा करावा?

जुनं_नाणं:
घरात आजोबांच्या वेळच्या मूठभर शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, आहेत. मोबाइल जवळ नेला की त्याचीच सावली नाण्यावर पडते. तांबं एका फोटोत लालबुंद, तर दुसऱ्यात शेवाळी. एवढ्यासाठी तयार लाइटबॉक्स (सावली न पडता फोटो काढायचं उजेडाचं खोकं) घेणं जिवावर येतं. घरी जमेल का?

खटपट्या:
न जमायला काय झालं! मिक्सरचं खोकं घ्या, बुटांचं लहान पडतं. समोरासमोरच्या दोन बाजूंना खिडक्या कापा, पण कडेला दोन बोटं पुठ्ठा सोडा, नाहीतर खोकं लुळं पडतं. खिडक्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. बटर पेपरही चालेल, फक्त पिवळट नको. नाण्याचा फोटो वरून घ्यायचा, म्हणून वर लेन्सपुरतं भोक पाडा आणि मोबाइल त्यावर आडवा ठेवून द्या. टायमर लावला की बटण दाबतानाचा हिसकाही जातो. नाणं आत सरकवायला पुढे छोटं दार ठेवा.

आता रंगाचं. खिडकीचा उजेड, ट्यूब आणि पिवळा बल्ब एकत्र आले की मोबाइल गोंधळतो. पडदा ओढा, ट्यूब बंद करा, दोन्ही बाजूंना 6500 केल्विनचे, म्हणजे पांढऱ्या उजेडाचे, एकसारखे एलईडी लावा. पाकिटावर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 किंवा जास्त असेल तर उत्तम, तांब्याचा लाल त्यात खरा उतरतो. हॅलोजन कागदाजवळ आणूच नका, पेट घ्यायचा.

मोतीवाली:
नथीला चालेल का हो? प्रत्येक मोत्यात मोबाइलचा काळा ठिपका दिसतो.

खटपट्या:
ताई, नथीला तर झकासच. खोकं आडवं पाडा, आत पांढरा कार्डशीट मागच्या भिंतीवरून खाली गोलाईत सोडा. घडी पडली की रेघ दिसलीच म्हणून समजा. मोबाइलपुढे भोक पाडलेला पांढरा कागद धरा, ठिपका भोकाएवढाच उरेल.

जुनं_नाणं:
केला! रंग मस्त आला. पण हातात घेतल्यावर ‘श्री राजा शिव’ वाचता येतं, फोटोत मात्र सगळं सपाट.

खटपट्या:
होणारच. झिजलेली अक्षरं दिसतात ती त्यांच्या सावलीमुळे, आणि खोक्याचं कामच सावली घालवायचं. एक दिवा बंद करून त्या खिडकीवर काळा कागद लावा. दुसरीकडचा ट्रेसिंग पेपर काढा आणि दिवा पार खाली आणा, उजेड नाण्यावरून घसरत गेला पाहिजे. तो ‘श्री’च्या अंगाने, म्हणजे अक्षरांच्या डोक्याकडून येऊ द्या. अक्षरांच्या पायाकडून आला तर उठावाची अक्षरं खोल कोरल्यासारखी भासतात. मग नाणं जागच्या जागी थोडंथोडं फिरवत फोटो घ्या. ‘छत्रपति’ची बाजू बहुधा वेगळ्याच कोनात उठेल.

आणि हो, उठाव दिसावा म्हणून चिंच लावून घासायला जाऊ नका. वरची तपकिरी झाक गेली की जाणकार अशा नाण्याला हात लावत नाहीत.

जुनं_नाणं:
‘श्री’ आणि ‘राजा’ लख्ख आले, कडेचे बिंदूसुद्धा. ‘शिव’ अजून अर्धाच. दिवा आणखी खाली आणून बघतो.