'रूट्स'ला मराठीत काय म्हणायचं?

नाशिकहून :
आमच्या वाचनालयात 'रूट्स' ही जुनी अमेरिकी मालिका दाखवायची ठरली आहे. जानेवारी १९७७ मध्ये एबीसी वाहिनीवर सलग आठ रात्री लागली होती. पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बियात जुफुरे नावाचं गाव आहे. तिथला कुंता किंते हा तरुण पकडला जातो, जहाजातून मेरीलँडला नेला जातो, व्हर्जिनियात विकला जातो. मग त्याची मुलगी किझी, तिचा मुलगा जॉर्ज, जॉर्जचा मुलगा टॉम, अशी पिढ्यांची गोष्ट. पानभर टिपण लिहायचं काम माझ्याकडे आहे. मथळा दिला, 'पाळंमुळं : एका गुलाम कुटुंबाची कहाणी'. लेकीनं वाचलं आणि म्हणाली, "आई, पाळंमुळं तर खणून काढतात ना?" तिथेच अडले आहे.

पुण्याहून :
लेक बरोबर आहे. वर्तमानपत्रात पाळंमुळं असतात ती भ्रष्टाचाराची नाहीतर दहशतवादाची. वाचणारा नकळत कुदळ उचलतो. साधं 'मुळं' लिहा.

आता 'गुलाम' बघा. मूळ अरबी 'घुलाम' म्हणजे पोरगा, मिसरूड न फुटलेला मुलगा. त्यावरून नोकर, त्यावरून विकत घेतलेला माणूस. पत्त्यांतला राजा-राणीखालचा गुलामही त्यातलाच. अमेरिकेत गोरे मालक साठीच्या काळ्या माणसालाही 'बॉय' म्हणत. आणि हसू नका, आपण टपरीवर हाक मारतो तो 'पोऱ्या' तरी कोण? वय कितीही असो, तो पोऱ्याच. तीन भाषा, तीन समाज, पण राबवून घ्यायचं त्याला मोठा होऊ द्यायचं नाही, ही खोड सारखीच.

ठाण्याहून :
'दास' का नको? संस्कृत आहे, भारदस्त आहे.

पुण्याहून :
भारदस्त आहे म्हणूनच नको. मराठीत दास म्हटलं की समर्थ आठवतात, दासनवमी आठवते. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते, तेही आवडीनं. ते दास्य मागून घेतलेलं आहे. कुंताला 'दास' म्हटलंत तर तो कुणाचा तरी भक्त वाटेल.

न्यू जर्सीहून :
इथे हल्ली लिहिताना 'स्लेव्ह' हे नाम टाळतात आणि 'एनस्लेव्ह्ड' हे विशेषण वापरतात. गुलाम असणं ही त्या माणसाची जात नव्हे, त्याच्यावर कुणीतरी केलेली गोष्ट आहे, असा त्यामागचा विचार. मराठीत 'गुलामीकृत' वगैरे घडवू नका, घशात अडकेल. आपल्याकडे क्रियापद तयार आहे. 'कुंता गुलाम होता' ऐवजी 'कुंताला गुलाम केलं' लिहा. वाचणारा लगेच विचारतो, कुणी केलं? निम्मं काम तिथेच झालं.

आणि 'हबशी' चुकूनही नको. हबश म्हणजे इथिओपियाकडचा मुलूख. मलिक अंबर हबशी होता, तोही लहानपणी विकला गेलेला, पण तो आफ्रिकेच्या पूर्वेकडचा. गॅम्बिया पार पश्चिम टोकाला. शिवाय आज तो शब्द शिवीसारखाच लागतो.

कोल्हापूरहून :
ताई, मालिकेत चाबूक मारायला लावणारा जो 'ओव्हरसियर' आहे त्याला 'पर्यवेक्षक' लिहू नका हं! पर्यवेक्षक परीक्षेच्या हॉलमध्ये असतो. 'मुकादम' लिहा. ऊसतोडीच्या फडावर गेलेल्याला वेगळं समजावायला लागत नाही. फरक आहे, आमचा मुकादम उचल देऊन टोळी बांधतो, तिकडचा मालकाचा पगारी माणूस. पण शब्दाला जो वास आहे तो बरोबर आहे.

'मळा' मात्र मला खटकतो. मळा म्हटलं की मोट, पाट, भरीत-भाकरी. त्यापेक्षा 'प्लँटेशन' तसंच ठेवा.

नाशिकहून :
मुकादम घेतला. त्याच प्रसंगाबद्दल विचारते. मालकानं दिलेलं 'टोबी' हे नाव कुंतानं आपल्या तोंडानं उच्चारावं म्हणून त्याला बांधून मारतात. 'कोरडे ओढले' लिहू का?

पुण्याहून :
शब्द अचूक आहे, कोरडा म्हणजे चाबूकच. पण आता कोरडे फक्त अग्रलेखातून ओढतात. 'चाबकानं फोडून काढलं' लिहा.

नावावरूनच आठवलं. कुंताचं नाव आठव्या दिवशी ठेवतात, त्याला 'बारसं' म्हणू नका, बारशाच्या पोटातच बारा आहे. 'नाव ठेवण्याचा विधी' पुरे.

ठाण्याहून :
नाव तर आपणही बदलतो. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं बोटानं नवं नाव लिहायचं. माझ्या आजीला तिचं माहेरचं नाव शेवटी हाक मारायला कुणी उरलं नव्हतं.

कोल्हापूरहून :
अहो, तुलना जरा जपून.

ठाण्याहून :
जपूनच केली आहे. सारखं आहे असं कुठं म्हटलं?

न्यू जर्सीहून :
जॉर्जबद्दल एक विचारायचं होतं. किझीला विकत घेणारा नवा मालक तिच्यावर बलात्कार करतो, त्यातून जॉर्ज जन्मतो. १६६२ मध्ये व्हर्जिनियानं कायदाच केला होता की मुलाची स्थिती आईवरून ठरेल. म्हणजे बाप मुलाचा बाप नाही, मालक. अशा मुलाला मराठीत शब्द आहे का?

पुण्याहून :
दुर्दैवानं आहे. पेशवाईच्या कागदांत कुणबिणी विकत घेतल्याच्या, बक्षीस दिल्याच्या नोंदी सापडतात. इथे कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको नव्हे, बाळगलेली दासी. तिच्या पोरांना 'लेकावळा' म्हणत. टिपणात वापरू नका, कुणाला कळणार नाही. पण आपल्याकडे असलं काही नव्हतंच, असं कुणी म्हणालं तर हा शब्द पुढे करा. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' काढलं तेव्हा ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांनाच अर्पण केलं होतं. त्यांना हे नातं दिसलं होतं.

साताऱ्याहून :
उशिरा लिहितेय, मथळ्यावर परत येते. 'नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये' अशी आपली म्हण. 'रूट्स'चं मूळ पुस्तक लिहिणाऱ्या, स्वतःला कुंताचा वंशज म्हणवणाऱ्या ॲलेक्स हेलीनं नेमकं दोन्ही शोधलं. तो सांगतो त्याप्रमाणे टेनेसीतल्या हेनिंग गावात त्याची आजी आणि तिच्या बहिणी ओसरीवर बसून जुन्या गोष्टी बोलत, त्यात काही अनोळखी शब्द येत. तंतुवाद्याला 'को'. व्हर्जिनियातल्या नदीकडे बोट दाखवून 'कांबी बोलोंगो'. अर्थ कुणाला ठाऊक नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले. पुढे एका भाषा-अभ्यासकाकडून त्याला कळलं की हे गॅम्बियाकडच्या मांडिंका भाषेतले असावेत. को म्हणजे बहुधा कोरा हे वाद्य, आणि बोलोंगो म्हणजे वाहतं पाणी. गॅम्बिया नदी. त्याची शोधाशोध म्हणजे आपल्यासारखीच शब्दचर्चा होती म्हणा ना.

त्याच्या वंशावळीवर अभ्यासकांनी पुढे बरेच आक्षेप घेतले. दुसऱ्याच्या कादंबरीतला मजकूर घेतल्याचा दावाही त्याला १९७८ मध्ये पैसे देऊन मिटवावा लागला. टिपणात तेही एका ओळीत येऊ द्या.

आणि मथळा 'मूळ' असा एकवचनी ठेवा. आमच्याकडे जुन्या बायका अजून म्हणतात, 'दिवाळीला माहेरचं मूळ आलं नाही'. मूळ म्हणजे सासरच्या लेकीला न्यायला आलेला माणूस, भाऊ नाहीतर मुऱ्हाळी. ढोलासाठी लाकूड तोडायला गेलेल्या कुंताला न्यायला कुणी आलं नाही. १९६७ मध्ये हेली जुफुरेला पोचला तेव्हा मधे दोनशे वर्षं गेली होती.

नाशिकहून :
मथळा 'मूळ'. मुऱ्हाळ्याचा अर्थ कार्यक्रमाच्या आधी तोंडी सांगेन. साताऱ्याच्या मावशी, तुम्ही येताय का शनिवारी? नाहीतर मूळ धाडते.