जेर्मानो चेलान्त: ‘आर्ते पोवेरा’च्या पलीकडे काय?

प्रश्न: मंडळी, इटालियन कलासमीक्षक आणि प्रदर्शन-संयोजक चेलान्त (१९४०–२०२०) म्हटलं की सगळे त्यांनी नाव दिलेल्या ‘आर्ते पोवेरा’ या कलाचळवळीवरच थांबतात. ‘पोवेरा’ म्हणजे ‘गरीब’, मग ही गरिबांची कला का? आणि त्यांनी पुढे काय केलं?

उत्तर १: गरिबांची नव्हे. इथे ‘पोवेरा’ म्हणजे साधी, उघडी सामग्री. चळवळीचं पहिलं प्रदर्शन बघा, सप्टेंबर १९६७, इटलीच्या जेनोवातलं ला बेर्तेस्का कलादालन: कलाकार कुनेलिसचा कोळसा, पास्कालीचे मातीचे घन. घन भरीव नव्हेत हं, लाकडी सांगाड्यावर माती थापलेली!

उत्तर २: पुढे संयोजक म्हणून न्यूयॉर्कचं गुगेनहाइम संग्रहालय, १९९७चं व्हेनिस बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन), प्राडा फाउंडेशन ही कलासंस्था. माझ्या मते कळस २०१३चा: १९६९चं स्वित्झर्लंडच्या बर्नमधलं ‘व्हेन ॲटिट्यूड्स बिकम फॉर्म’ हे प्रदर्शन व्हेनिसच्या जुन्या महालात, मूळ खोल्यांच्याच मापात पुन्हा उभारलं. न मिळालेल्या कलाकृतींच्या जागी नुसती तुटक रेषांची चौकट.

प्रश्नकर्ता: ती चौकटच भारी!