सामाजिक भांडवल आमचे, मग व्याज कोणाच्या खात्यावर?

पूर्वभागकर:
परवा येथे सोलापूर मागे का राहिले यावर एक टिपण आले, त्याला सविस्तर उत्तर दिल्याखेरीज राहवत नाही. टिपणाचा आशय असा होता की, या जिल्ह्यात निधीची नव्हे तर परस्परविश्वासाची वानवा आहे. माणसांचे कौशल्य आणि त्यांची एकमेकांतली एकजूट, म्हणजेच मानवी आणि सामाजिक भांडवल, उभे राहिले तरच गाव आपल्या बळावर पुढे जाते, आणि आम्ही सोलापूरकर मात्र ‘सरकारकडे तोंड करून बसलो आहोत’.

माझी आई विड्या वळत असे. कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणायचा, पाने भिजवून कात्रीने कापायची, दिवसभर वळायचे आणि मोजणीच्या वेळी ज्या विड्या नापसंत होतील त्यांचे नुकसान मुकाट्याने सोसायचे, हा तिचा क्रम. गल्लीत कोणाचे बाळंतपण असले की तिच्या वाट्याच्या विड्या शेजारच्या चौघी वळून देत. त्यांतील दोघी तेलुगू बोलत, एक कानडी आणि एक उर्दू. भिशी त्याच चालवत आणि हिशेबाची वही नसूनही त्यात कधी रुपयाचा फरक पडल्याचे मला आठवत नाही. त्याला कोणी भांडवल म्हणत नव्हते, एवढाच काय तो फरक.

त्याच बायका वर्षानुवर्षे मोर्चात चालल्या. विडी कामगारांचे कम्युनिस्ट नेते आडम मास्तर यांच्या पक्षाशी ज्यांचे पटत नाही त्यांनीही हे मान्य करावे की, कुंभारीच्या माळावर 2006 मध्ये विडी कामगार महिलांची 10,000 घरे उभी राहिली ती या चालण्यातून. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरची 30,000 घरांची योजना आली आणि पहिल्या 15,000 घरांच्या किल्ल्या जानेवारी 2024 मध्ये मिळाल्या. होय, या बायकांनी सरकारकडेच तोंड केले होते. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या तेव्हा कोणाचा विश्वास कमी पडला होता, हेही टिपणकर्त्यांनी एकदा सांगावे.

बार्शी लाइट:
टिपण माझेच आहे, त्यामुळे उत्तरही मीच देतो. आपल्या मातोश्रींच्या कष्टांविषयी मला पूर्ण आदर आहे, परंतु आईच्या आठवणीने युक्तिवाद सिद्ध होत नाही. मोर्चा हा मागण्यासाठी असतो; मिळालेले टिकवण्यासाठी जी रोजची, कंटाळवाणी एकजूट लागते ती वेगळी.

आमच्या बार्शी तालुक्यातील सुर्डी गावाने 2019 मध्ये जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला. 8 एप्रिल ते 22 मे, म्हणजे ऐन चैत्र-वैशाखातले 45 दिवस माणसे टिकाव-फावडे घेऊन शिवारात उतरली. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या भावक्या एका चरात उभ्या राहिल्या, हे मी इतर गावांतही डोळ्यांनी पाहिले आहे. करमाळ्याच्या पलीकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून ज्या स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवले, त्यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्या बाळंतपणे करू लागल्या, रोग ओळखू लागल्या आणि जगभरातील डॉक्टर त्यांच्याकडून शिकायला आले. मी मानवी भांडवल म्हणतो ते हे. ते कोणत्याही मोर्चाने मिळत नाही.

काळी माती:
मी माढा तालुक्यातला शेतकरी आहे आणि पाण्यासाठीच्या श्रमदानात मीही फोड येईपर्यंत खणले आहे, म्हणून या कौतुकात थोडी माती कालवतो. आमच्या गावात पाणी मुरवणारे सलग समतल चर खणण्यासाठी सर्वांत आधी कोण आले? भूमिहीन मजूर आणि दोन-दोन एकर कोरडवाहू असलेले. पाणी कोणाच्या विहिरीला वाढले? ओढ्याकाठी ज्यांची जमीन आहे त्यांच्या. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याच ओढ्याच्या कडेने अकरा नवी बोअर पडली, त्यांवर ऊस उभा राहिला आणि तिसऱ्या वर्षी गावाला पुन्हा टँकर लागला. खणायला एकी आणि उपसायला बेकी, असा हा सामाजिक भांडवलाचा प्रयोग मी जवळून पाहिला आहे.

बार्शी लाइट:
हा दोष श्रमदानाचा नसून श्रमदानानंतर नियम न करण्याचा आहे. हिवरे बाजारने पाणी अडवले आणि त्याचबरोबर शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस लावायचा नाही, पावसाळा संपला की उपलब्ध पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडायचा, हे ठरवले आणि पाळले. आपल्या गावाने ठरवले नाही, तर ते विश्वासाच्या अभावाचेच उदाहरण झाले. म्हणजे आपण माझाच मुद्दा मांडत आहात, त्याबद्दल आभार.

जुळे सोलापूरकर:
सारी चर्चा उसापाशी येऊन थांबते आणि तेथे कोणी बोलत नाही. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने याच अवर्षणप्रवण जिल्ह्यात आहेत, उजनीसारखे धरण उशाला आहे, आणि स्मार्ट सिटीच्या 2016 च्या पहिल्याच यादीत आलेल्या शहरात आम्ही नळाची वाट काही दिवसांआड पाहतो. माझ्या सोसायटीतील निम्मी भांडणे पाण्याच्या वेळेवरून होतात. शेतकऱ्यांनी उसाचा हट्ट सोडला तर लोकसहभागाच्या अर्ध्या परिषदा घ्याव्या लागणार नाहीत.

काळी माती:
हट्ट! साहेब, उसाचा हट्ट कोणी हौसेने धरत नाही. मी आधी डाळिंब लावले होते. तेल्या रोग आला आणि चार वर्षांची बाग उपटून बांधावर जाळावी लागली. ज्वारी करावी तर काढणीला माणूस मिळत नाही, आणि हुरड्याच्या दिवसांत शहरातून गाडी घेऊन येणारे तुम्ही लोक मालदांडीचे गुणगान गाता पण बाजारात मोल करताना हात आखडता घेता. ऊस हे एकच पीक असे आहे ज्याचा किमान दर कायद्याने आधी ठरतो आणि ज्याचा ग्राहक तोडणीची टोळी घेऊन बांधावर येतो.

आणि विषयाला धरूनच सांगायचे तर, या जिल्ह्यात सामाजिक भांडवलाचा सर्वांत मोठा प्रयोग सहकारी साखर कारखाना हाच होता. माझ्या आजोबांनी बैल विकून शेअर घेतला होता. त्यांच्यासारख्या हजारो अडाणी माणसांनी एकमेकांवर विश्वास ठेवला म्हणून ती धुराडी उभी राहिली. कायदा सांगतो की ऊस तुटल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत. ज्या कारखान्याला मी ऊस घातला त्याने माझे बिल पुढच्या दिवाळीपर्यंत रखडवले, आणि वार्षिक सभेत मी प्रश्न विचारायला उठलो तेव्हा ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होऊन सभा संपलीसुद्धा. विश्वास आम्ही पुरवला, ध्वनिक्षेपक मात्र त्यांच्या हातात राहिला.

माळढोक:
मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे नियमांविषयी लिहिणे मला भाग आहे. भूजलासंबंधीच्या 2009 च्या कायद्यात शेतीसाठी आणि उद्योगासाठी 60 मीटर वा त्याहून खोल विहीर घेण्यास मनाई आहे. बोअरची गाडी रात्री अकराला येते, पहाटेपर्यंत दोनशे मीटर जाते आणि सकाळी गावात कोणी काही पाहिलेले नसते. एका गावात मी हा विषय ग्रामसभेपुढे ठेवला. तीन महिन्यांत माझी बदली झाली. श्री. बार्शी लाइट यांना हिवरे बाजार फार सोपे वाटते. तेथे 1989 पासून एकाच नेतृत्वाभोवती गाव उभे राहिले. ज्या गावात दर पाच वर्षांनी सरपंचपदावरून भावकी दुभंगते, तेथे पाण्याचा ताळेबंद वाचायचा कोणी?

भावकी म्हणजे सामाजिक भांडवलच आहे, हे लक्षात घ्यावे. आतल्यांसाठी ती जामीन असते आणि बाहेरच्यांसाठी कुंपण.

काळी माती:
भाऊसाहेब, आपला अनुभव मोठा आहे, पण ग्रामसभा झाल्याचे दाखवून घरोघरी वही फिरवणारे आणि गणपूर्तीच्या सह्या गोळा करणारे हात कोणाचे होते, हेही त्या अनुभवात असेलच. माझ्या वडिलांची सही त्यांच्या वर्षश्राद्धानंतरच्या ग्रामसभेतही आढळली होती.

माळढोक:
आपल्या गावी मी कधीही नेमणुकीस नव्हतो. एका वहीवरून साऱ्या संवर्गाला चोर ठरवायचे असेल तर चर्चा येथेच थांबवू. सह्या फिरवल्या जात होत्या, हे नाकारत नाही. सभा बोलावली तर माणसे येत नसत आणि न झाल्यास नोटीस मला येत असे.

शेंगाचटणी:
दोन दिवस वाचते आहे. ज्यांच्या जिवावर हा शब्द चालतो त्या बायका पूर्वभागकरांच्या पहिल्या उताऱ्यानंतर कोणाला आठवल्या नाहीत, म्हणून लिहिते. मी दक्षिण सोलापूर तालुक्यात बचत गटांचे काम करते. गटाला कर्ज देताना बँक घर किंवा शेत तारण मागत नाही, कारण आमची एकमेकींशी असलेली ओळख हेच तारण असते. तुमचा परस्परविश्वास तो हाच, आणि त्याला एकदा हप्ता जोडला गेला की काय होते ते ऐका.

आमच्या दहाजणींच्या गटाचे बँकेचे कर्ज सुरळीत फिटत होते. मग एक खासगी फायनान्स कंपनी आली आणि तिने त्याच बायकांना आठवड्याच्या हप्त्याने पैसे दिले. एकीच्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला आणि तिचे दोन हप्ते थकले. वसुलीचा माणूस तिच्या दारात न बसता आमच्या बैठकीत बसला आणि म्हणाला की, तिचे पैसे आल्याशिवाय कोणी उठायचे नाही. रात्री नऊ वाजता आम्ही, तिच्या मैत्रिणी, तिच्या घरी गेलो आणि तिचे शिलाई मशीन उचलून आणले. मीही त्यात होते. ती आजही माझ्याशी बोलत नाही. वीस वर्षांची ओळख होती; दोन हप्त्यांत वसूल झाली.

तरीही गट नकोत असे मी म्हणणार नाही. बँकेत जायला घाबरणारी मी आज साहेबांसमोर खुर्ची ओढून बसते, ग्रामसभेत उभी राहते, चेकवर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय सही करत नाही. हे मला कोणी मोर्चात शिकवले नाही, बार्शीकरांचे एवढे बरोबर आहे. मात्र बैठकीला, प्रशिक्षणाला, स्वच्छतेच्या फेरीला, पोषणाच्या कार्यक्रमाला आमचे जे तास जातात, ते कोणत्याच योजनेच्या खर्चात लिहिले जात नाहीत. लोकसहभाग फुकट असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी एक आठवडा माझ्या घरी भाकरी थापाव्यात.

पूर्वभागकर:
ताई, मशीनचा प्रसंग वाचून माझ्या आईच्या भिशीबद्दल मी जे लिहिले त्याचा पुन्हा विचार करावा लागतो आहे. भिशीतही एक बाई एकदा गल्ली सोडून गेली होती आणि तिच्याविषयी आमच्या घरात कोणी बोलत नसे. का, ते मी कधी विचारले नाही.

बार्शी लाइट:
‘सरकारकडे तोंड करून बसलो आहोत’ हे शब्द मी मागे घेतो. ते उद्धट होते. बाकीचे टिपण तसेच ठेवतो. श्रमदानाच्या तासांचे मोल प्रकल्पाच्या हिशेबात मांडावे, हा ताईंचा मुद्दाही मला मान्य आहे, मग त्याला श्रमदान म्हणता येणार नाही हे खरे असले तरी.

पूर्वभागकर:
पाच शब्द मागे मिळाले. या जिल्ह्यातल्या वसुलीचे प्रमाण पाहता हे काही कमी नाही.

काळी माती:
तुमची देवघेव चालू द्या. आमच्या ओढ्याच्या पलीकडच्या बांधावर आत्ता बोअरची गाडी आली आहे, येथून दिवे दिसतात. भाऊसाहेब, रागावला नसाल तर सांगा, अशा वेळी करायचे काय?

माळढोक:
गाडीचा क्रमांक आणि वेळ टिपून ठेवा, सकाळी तक्रार लेखीच द्या आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. कोणी तोंडी सांगितलेले मी स्वतः कधी नोंदवत नसे.