सांगलीहून भूमध्य समुद्रातली क्रूझ: गोल्फ कुठे खेळावा, बाकीच्यांनी काय बघावं?

विश्रामबागकर:

नमस्कार मंडळी. सांगलीतून आम्ही दोन जोडपी सप्टेंबरअखेर दहा रात्रींच्या क्रूझला जायचं म्हणतोय. जहाज लहान आहे, सातशेच्या आसपास प्रवासी. मार्ग असा: बार्सिलोना, पाल्मा, मार्सेय, मोनॅको, लिव्होर्नो, नेपल्स, वालेटा आणि शेवटी चिवितावेक्कियाला उतरून रोममध्ये दोन रात्री.

आम्ही दोघं पुरुष गोल्फ खेळतो, हँडिकॅप इंडेक्स (खेळाच्या पातळीचा आकडा, जितका मोठा तितका खेळ कच्चा) २२ आणि २९. सौ. आणि वहिनींना शहरं बघायची आहेत. वहिनींचे गुडघे दुखतात आणि त्या जैन जेवण घेतात, म्हणजे कांदा, लसूण, बटाटा, कुठलंच कंदमूळ चालत नाही. जहाज कंपनी प्रत्येक बंदराला गोल्फचं पॅकेज देते आहे. ते सगळं घ्यावं, की निवडक ठिकाणी आपलं आपण बुकिंग करावं? व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा? आणि गोल्फचं किट, म्हणजे काठ्यांची बॅग, इथून न्यावं का?

फेअरवे_सातारा:

प्रत्येक बंदराला गोल्फ अजिबात घेऊ नका. कारण निव्वळ घड्याळाचं आहे. जहाज सकाळी ८ ला लागलं, तरी बंदराची परवानगी मिळून गँगवे (जहाजातून उतरायचा जिना) उघडायला अर्धा-पाऊण तास जातो. ८.४५ ला गाडीत बसलात, ४० मिनिटांचा रस्ता, नोंदणी आणि थोडा सराव, की टी टाइम (पहिला फटका मारायची ठरलेली वेळ) १०.१५ चा येतो. १८ होलना साडेचार तास धरा, म्हणजे १४.४५. पुढचा गट रेंगाळला तर पाच तास. आंघोळ, किट आवरणं, परतीचा रस्ता, म्हणजे जहाजावर १६.१५ ते १६.४५. सुटायची वेळ १८ असेल तर चढायची शेवटची वेळ साधारण १७.३०. हाताशी उरतो पाऊण ते सव्वा तास. म्हणून दोन अटी पाळा: कोर्स एका बाजूने ४५ मिनिटांच्या आत हवा, आणि जहाज बंदरात किमान १० तास थांबायला हवं. क्रूझ निवडताना बंदरांची संख्या बघू नका, प्रत्येक बंदरातले तास बघा.

या दोन अटी आणि बाकीचा विचार लावला की तुमच्या मार्गावर खेळण्यासारखी तीनच ठिकाणं उरतात.

पाल्मा: सोन ग्वाल. विमानतळाच्या बाजूला आहे, बंदरापासून अर्ध्या तासाच्या आत. २००७ मध्ये सुरू झालेला, थॉमस हिमेल यांनी आखलेला. बंकर (वाळूचे खड्डे) भरपूर आणि मोठे, त्यामुळे २९ वाल्यांनी ड्रायव्हर या सगळ्यात लांब मारणाऱ्या काठीचा मोह आवरून आटोपशीर हायब्रिडने टी ऑफ केलं तर स्कोअर बरा राहील.

मोनॅको: मोंत आजेलवरचा मोंते-कार्लो गोल्फ क्लब. हा फ्रान्सच्या हद्दीत, ला तुर्बीच्या वर जवळपास ९०० मीटर उंचीवर आहे. खाली समुद्र दिसतो, पण उतार डोळ्यांना फसवतात. पट (होलकडे हळूच ढकललेला चेंडू) समुद्राकडे जरा जास्तच पळतो हे धरून चाला. ढग खाली उतरले तर फ्लॅगही दिसत नाही, म्हणून रद्द करण्याची अट आधी लेखी विचारा. एक जाड जर्सी हवीच.

वालेटा: मार्साचा रॉयल माल्टा गोल्फ क्लब, १८८८ चा. बेटावर दुसरा कोर्स नाही. जहाजापासून टॅक्सीने थोड्याच वेळात पोचता. सपाट, लांबीला कमी, शेजारी घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. कोर्स म्हणून फार मोठा नाही, पण वेळेची चिंता सगळ्यात कमी इथेच. सभासदांच्या स्पर्धांचे दिवस सोडून टी टाइम मागा.

लिव्होर्नोजवळ तिरेनियाला समुद्रकाठी सपाट कोर्स आहे आणि तो वेळेत बसतोही. तरी माझं मत स्पष्ट आहे: त्या दिवशी चौघांनीही फ्लॉरेन्सला जावं. नेपल्सलाही किट काढू नका, पाँपेईला जा. मार्सेयला मिस्त्राल हा जोराचा वारा सुटला तर दोन-दोन दिवस वाहतो, त्यात चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नाही.

कंपनीचं पॅकेज घ्यायचं असेल तर ते मोंत आजेलसाठी घ्या. जहाजाच्या सहलीची गाडी उशिरा आली तर जहाज थांबतं. आपण स्वतः गेलो तर थांबत नाही. घाटाच्या रस्त्यावर ही हमी पैसे टाकण्यासारखी आहे. मार्साला ती लागत नाही, क्लबला सरळ ईमेल करा.

कृष्णाकाठ:

व्हिसा इटलीचा काढा. नियम असा की ज्या देशात जास्त मुक्काम, त्याच्याकडे अर्ज. मुक्काम समान असेल तर ज्या देशातून पहिल्यांदा शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) शिरता तो. लिव्होर्नो, नेपल्स, चिवितावेक्किया आणि रोमच्या दोन रात्री मिळून इटलीचे दिवस स्पेनपेक्षा जास्त होतात. विमान बार्सिलोनाला उतरतं म्हणून स्पेनकडे अर्ज केला तर तिथे प्रश्न विचारतील. अर्जासोबत नुसती क्रूझची पावती नको. तारीख आणि बंदर लिहिलेला पूर्ण मार्ग हवा, चौघांची नावं पासपोर्टप्रमाणे.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, त्यामुळे सप्टेंबरअखेरच्या प्रवासाला एप्रिल-मेमध्ये हालचाल करा. प्रौढांची फी ९० युरो, सेवा शुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि दोन पानं कोरी.

तुमचा सगळा मार्ग शेंगेनमध्येच आहे, माल्टासुद्धा. तरी अर्जात मल्टिपल एंट्री मागा. हवामानामुळे किंवा इतर कारणाने कंपनी बंदर बदलते. माँटेनेग्रोचं कोटोर किंवा तुर्कीचं कुशादासी मार्गात आलं, की तुम्ही शेंगेनबाहेर जाऊन परत आत येता, आणि सिंगल एंट्रीवर तिथेच अडकता.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी नोंद पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. पहिल्या वेळी रांग लांबते. जहाज सुटण्याच्या दिवशी बार्सिलोनाला उतरणारं विमान घेऊ नका, आदल्या दिवशीच पोचा. तसंच इकडेही: महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी मुंबईत उतरून त्याच दुपारचं विमान धरायचा बेत नको, गाडीला उशीर झाला तर पुढची सगळी साखळी तुटते.

पैशाचं एक. परदेशी टूर पॅकेजवर एजंट टीसीएस (आगाऊ वसूल होणारा आयकर) कापतो. दर अर्थसंकल्पात बदलत असतात, चालू दर तुमच्या सीएंना विचारा. ही रक्कम बुडत नाही. आयकर खात्याच्या कर-नोंदीत दिसते आणि विवरणपत्रात वळती होते. पण ती ज्याच्या पॅनवर कापली त्यालाच मिळते. चौघांचे पैसे एकाच्या नावाने भरलेत तर सगळा टीसीएस त्याच्याच नावावर जाईल. दोन्ही घरांची बिलं वेगळी करा.

विश्रामबागकर:

फार उपयोगी माहिती, आभार. किटचं राहिलं. आणि २०२३ चा रायडर कप (युरोप विरुद्ध अमेरिका गोल्फ स्पर्धा) झाला तो मार्को सिमोने कोर्स रोमजवळच आहे ना? चिवितावेक्कियाला उतरल्यावर तिकडून थेट जावं का?

फेअरवे_सातारा:

थेट नको. चिवितावेक्किया रोमच्या वायव्येला ७०-८० किलोमीटरवर, आणि मार्को सिमोने शहराच्या ईशान्येला. मध्ये रोमचा रिंगरोड, तिथे सकाळची गर्दी. त्यात उतरण्याच्या दिवशी सामानासकट आहात. रोमच्या दोन रात्रींमधला मधला दिवस त्याला द्या. हा कोर्स चांगलाच चढउताराचा आहे, बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) आधीच राखून ठेवा.

हँडिकॅपचं प्रमाणपत्र घ्या, छापील प्रत आणि मोबाइलवर, दोन्ही. युरोपातले बरेच क्लब पाहुण्यांना इंडेक्सची मर्यादा घालतात, कुठे २८, कुठे ३६. त्यामुळे २९ वाल्यांनी प्रत्येक ठिकाणी आकडा कळवून होकार ईमेलवर घ्या. आता उरलेल्या महिन्यांत पुण्याला येरवड्याच्या पूना क्लब कोर्सवर काही चांगल्या फेऱ्या नोंदवल्यात तर इंडेक्स २८ च्या आत येऊ शकतो.

तिथे सवलत म्हणून मिळणारे स्ट्रोक (फटके) म्हणजे तुमचा इंडेक्स नव्हे. इंडेक्स गुणिले स्लोप भागिले ११३, अधिक कोर्स रेटिंग वजा पार (स्लोप आणि रेटिंग हे कोर्सच्या अवघडपणाचे आकडे, पार म्हणजे अपेक्षित फटके). समजा स्लोप १३५ असेल तर २२ चे २६.३ होतात, २९ चे ३४.६, मग रेटिंग आणि पार यातला फरक मिळवून जवळच्या पूर्णांकात. खेळ स्टेबलफर्डने, म्हणजे प्रत्येक होलला गुण देणाऱ्या पद्धतीने खेळा. गुण मिळणार नसेल तर चेंडू उचलायचा. वेळ वाचवायचा याहून चांगला उपाय नाही.

किट: चारच फेऱ्या असतील तर भाड्याने घ्या. भरलेली बॅग सहज १२-१३ किलो होते, कडक कव्हर वेगळं, आणि दहा रात्री ती केबिनमध्ये जागा अडवते. इथून न्यायचं ते इतकंच: सॉफ्ट स्पाइकचे बूट, दोन ग्लोव्ह, दीड डझन चेंडू (एक चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, म्हणजे एक किलोच्या आत) आणि हवा असेल तर आपला पटर (पट मारायची काठी). पटर चेक-इन सामानात, हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीत काढून घेतात. उलट रेंजफाइंडरच्या (अंतर मोजायचं यंत्र) सुट्या बॅटऱ्या हातातच ठेवायच्या. डावखुरे असाल किंवा सीनियर फ्लेक्सचे शाफ्ट (जास्त लवचीक दांडे) लागत असतील तर भाड्याच्या सेटला टी टाइमसोबतच सांगा, त्या दिवशी मागून मिळत नाहीत. तरी स्वतःचंच महागडं किट न्यायचं ठरलं तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, परतताना वाद होत नाही. कॉलरचा शर्ट सगळीकडे, जीन्स कुठेच नाही.

मृणाल_पोवईनाका:

वहिनींसाठी लिहिते, कारण गुडघ्यांचा विचार न करता आखलेल्या सहली पहिल्याच दिवशी त्रास देतात.

बार्सिलोना: साग्रादा फामिलियाची तिकिटं ऑनलाइनच, वेळ ठरवून. मनोऱ्यावर लिफ्टने जाता येतं पण खाली अरुंद गोल जिन्याने यावं लागतं. त्यांच्यासाठी मनोऱ्याचं तिकीट काढू नका, आतलं सभागृहच बघण्यासारखं आहे. पाल्मा: कॅथेड्रलमध्ये वास्तुकार गाउदीने केलेलं काम आहे, रविवारी पर्यटकांना बंद. मार्सेय: नोत्र दाम द ला गार्द टेकडीवर आहे, जुन्या बंदरापासून ६० नंबरची बस वरपर्यंत नेते. मोनॅकोत सार्वजनिक लिफ्ट जागोजागी आहेत, चढ टाळून फिरता येतं.

लिव्होर्नोच्या व्यापारी बंदरातून चालत बाहेर पडता येत नाही, शटल बसच लागते. तिथून फ्लॉरेन्स रेल्वेने सुमारे दीड तास. तो दिवस सोमवार नाही ना हे आजच तपासा, कारण सोमवारी उफ्फिझी आणि आकादेमिया दोन्ही बंद. उफ्फिझीत लिफ्ट आहे. पिसाच्या मनोऱ्याला लिफ्ट नाही, तो खालूनच बघायचा.

पाँपेईला १५ नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० जणांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा. रस्ते ओबडधोबड दगडांचे. पियात्सा अँफितेआत्रोच्या दाराने आत गेलं तर अडथळे कमी केलेला मार्ग सुरू होतो. तरी तो तीन किलोमीटरहून लांब आहे, काठी आणि घट्ट बूट हवेतच. वालेटात धक्क्यावरून शहरात चढायला बाराक्का लिफ्ट आहे, ५८ मीटर. सेंट जॉन्स को-कॅथेड्रलमध्ये चित्रकार काराव्हाज्जोचं १६०८ मधलं मोठं चित्र आहे. खांदे झाकलेले हवेत, रविवारी पर्यटकांना प्रवेश नाही. रोमला बुधवारी सकाळी पोपच्या सभेमुळे सेंट पीटर्समध्ये जाता येत नसतं. व्हॅटिकन संग्रहालय महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद.

जेवण. जहाज कंपनीला दोन महिने आधी लेखी कळवा आणि ‘जैन’ एवढ्या शब्दावर थांबू नका. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, आलं, अंडं नको, अशी यादीच द्या. चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी मुख्य वेटरना भेटून उद्याचं जेवण आज ठरवायचं, रोज. चीजबद्दल खास सांगते: पार्मिजानो रेज्जानो, ग्राना पादानो आणि पेकोरिनो रोमानो ही तिन्ही जनावराच्या पोटातल्या रेनेटने (दूध फाडणारं द्रव्य) बनतात, आणि इटलीत ती पास्त्यावर न विचारता भुरभुरतात. मिनेस्त्रोने सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं. बाहेर खायचं झालं तर पिझ्झा मारिनारा मागा, त्यात चीज नसतं. ‘सेन्त्सा आल्यो’ म्हटलं की लसूण वगळतात. लिव्होर्नोत तोर्ता दि चेची मिळते: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. आपल्या बेसनाच्या धिरड्याची सख्खी बहीण. वहिनींचं पोट नक्की भरेल.

सोबत न्यायला बिनलसणीचं सांगलीचं भडंग आणि खाकरे उत्तम, पण कारखान्यात बंद केलेल्या पाकिटातले. घरी शिजवलेलं बऱ्याच जहाजांवर चढू देत नाहीत. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तेव्हा तूप आणि आमच्या साताऱ्याचे कंदी पेढे इथेच ठेवा.

कृष्णाकाठ:

मोबाइलचं सांगायचं राहिलं. जहाज किनारा सोडतं तेव्हा फोन आपोआप जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो. साध्या युरोप रोमिंग पॅकमध्ये ते सहसा येत नाही आणि बिल हजारोंत जातं. गँगवे चढतानाच चौघांचे फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग फक्त वायफाय चालू करा. आणि गोल्फला गेलेल्यांनी व शहरात गेलेल्यांनी भेटायची जागा व वेळ सकाळीच कागदावर लिहून घ्या, त्यासोबत बंदर एजंटचा नंबर. तो जहाजाच्या रोजच्या पत्रकात छापलेला असतो.

विश्रामबागकर:

तपासलं. लिव्होर्नो मंगळवारी आहे, वालेटा शुक्रवारी. मोंत आजेल कंपनीकडून घेतो, सोन ग्वाल आणि मार्साला आजच ईमेल करतो.

फेअरवे_सातारा:

ईमेलमध्ये जहाजाचं नाव आणि बंदरातल्या वेळा लिहा, आणि जहाज त्या बंदरात लागलंच नाही तर ग्रीन फी (कोर्सवर खेळायचं शुल्क) परत मिळेल का हे त्याच पत्रात विचारा. पैसे त्याचं उत्तर आल्यावर भरा.