मदत हवी आहे: ब्रेडचे समोसे तेलात फुटतायत, अर्जंट!!

जुळे_सोलापूरची_सून, दुपारी 2.40
अहो कुणीतरी पटकन सांगा. ब्रेडचे समोसे करतेय, तेलात सोडले की तोंड उघडतंय आणि सारण सगळं कढईत, तेल काळं पडलं. दोन घाणे झाले, तेच. पाच वाजता सासूबाईंच्या भिशीच्या बारा बायका यायच्यात, मैदा मळून करत बसायला वेळ नाही आणि खरं सांगायचं तर मला ते जमतही नाहीत. काय चुकतंय??

खमंग_काकू
ब्रेड कुठला? लाटून घेतलास का? चिकटवलंस कशानं? सारण कसलं? काहीच सांगितलं नाहीस तर काय चुकतंय कसं कळणार बाई.

जुळे_सोलापूरची_सून
ब्रेड म्हणजे ब्रेड, नेहमीचा. कडा काढून लाटला की. पाण्याचं बोट लावून चिकटवलं.

कढई_बंद
तळताच कशाला? एअर फ्रायरमध्ये 180 वर 10-12 मिनिटं, वरून ब्रशनं तेल, मध्ये एकदा उलटायचे. मी दोन वर्षं तळणच केलं नाही.

जुळे_सोलापूरची_सून
नाहीये ओ माझ्याकडं.

कढई_बंद
मग घेऊन टाका, सगळ्यालाच उपयोगी पडतो.

होटगी_रोड
तीन वाजत आले आणि हे म्हणतायत घेऊन टाका. आणि एका वेळी पाच-सहा बसतात त्यात. बाराव्या बाईला भिशी आधी लागेल, समोसा नंतर मिळेल.

मागवाला
पाण्यानं नाही चिकटत ताई. मैद्याची खळ करा, दोन चमचे मैदा, तेवढंच पाणी, दाटसर. आमच्या घरी माग होते, सुताला खळ कमी पडली की धागे तुटायचे, तसंच हे. कडेला अर्धा इंच खळ लावायची, दाबायचं आणि पाच मिनिटं तसंच ठेवायचं. लगेच तेलात नाही.

जुन्या_गोष्टी
मुळात समोशात बटाटा हीच नंतरची भर आहे. इब्न बतूता 14व्या शतकात मुहंमद तुघलकाच्या दरबारात होता, त्यानं तिथल्या समोशात खिमा, बदाम, पिस्ते असल्याचं लिहिलंय.

होटगी_रोड
भिशीला खिमा घालू म्हणता?

बेकरीचं_पोरगं
ब्रेड फ्रिजमधला आहे का? मिल्क ब्रेड आहे का? खरं सांगा.

जुळे_सोलापूरची_सून
हो फ्रिजमधला, परवाचा. मिल्क ब्रेडच, पोरं तोच खातात. त्यानं काय होतंय?

बेकरीचं_पोरगं
तिथंच सगळं. फ्रिजमध्ये ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो, मग दुमडला की चीर पडते आणि लाटून उपयोग नाही. मिल्क ब्रेडला साखर जास्त, आतलं गरम व्हायच्या आत बाहेरून काळा. कोपऱ्यावरनं साधा ताजा सँडविच ब्रेड आणा. तेवढाही वेळ नसेल तर आहे तोच इडलीपात्रात पंधरा-वीस सेकंद वाफेवर धरा, मऊ पडतो. जास्त नको, लगदा होईल.

खमंग_काकू
आणि सारण? तू अजून सांगितलं नाहीस.

जुळे_सोलापूरची_सून
सकाळची बटाट्याची भाजी. थोडा टोमॅटो आहे त्यात.

खमंग_काकू
अगं मग!! टोमॅटोच्या पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडायला जागा शोधते आणि तुझा सांधा उघडतो. कढईत परत टाक, कोरडी होईस्तोवर परत, दोन चमचे शेंगांचा कूट घाल, ओल खाऊन टाकतो. पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नको.

मागवाला
समोशात शेंगांचा कूट?? भाजलेलं बेसन घालतात काकू.

खमंग_काकू
सोलापुरात राहून कुटाला नावं ठेवतोस? आमच्याकडं चहा सोडून सगळ्यात पडतो.

कढई_बंद
एवढ्या वेळात एअर फ्रायरमध्ये दोन घाणे झाले असते.

बेकरीचं_पोरगं
ताई तेल बघा. ब्रेडचा तुकडा टाकल्यावर लगेच वर आला पाहिजे. तळाशी बसला तर तेल थंड आहे, ब्रेड स्पंजासारखं पिणार. एका वेळी चारच सोडा, जास्त टाकले की तेल परत थंड.

पार्क_चौक
ब्रेड पकोड्याला बेसन जाड भिजवायचं आणि सोडा अजिबात नाही, माझा अनुभव.

होटगी_रोड
पकोडा कुणी विचारला ओ?

जुळे_सोलापूरची_सून, रात्री 8.15
चोवीस केले, तीन फुटले, बाकी बरे झाले. खळ आणि नवीन ब्रेड दोन्ही केलं त्यामुळं नेमकं कशानं जमलं माहीत नाही. कूट घातला होता, दोन बायकांनी विचारलं सारणात काय घातलंय, सासूबाईंनी सांगितलं आमच्या घरची पद्धत. कढईतलं काळं तेल तसंच पडलंय. कडांचा ढीग उरलाय, त्याचं काय करू?

कढई_बंद
एअर फ्रायरमध्ये 160 वर पाच मिनिटं